दात हवा तो वाकडाच

दातांच्या दवाखान्यात बसलेल्या शिंपीणबाई स्वतःची दाढ विसरून समोरच्या बाकावरचं बोलणं ऐकत होत्या. तिथे एका आजींच्या शेजारी गाल सुजलेला माणूस होता. केसांच्या कोंबड्यापासून बुटांपर्यंत हुबेहूब सिनेमातला तो गाजलेला जुना नट!

“अगदी त्यांच्यासारखे दिसता हो!”

“जन्मभर त्यांचीच नक्कल करतोय, आजी. बोलावतील तिथे जातो.”

“मग आज इथे कसे?”

“पुढचा वाकडा दात ठणकतोय. काढावाच लागणार.”

“बरं झालं, नवा सरळ बसेल.”

“सरळ कसा चालेल? त्यांचा इथलाच वाकडा होता.”

“अहो, त्यांनी तर पुढे सरळ करून घेतला होता.”

“हो ना! तेव्हा मला कितीतरी दिवस घास गोड लागला नाही.”

“आता ते गेलेसुद्धा. कुणासाठी एवढं?”

“लोकांना ते पहिलं हसू बघावंसं वाटतं, आजी. कुठे बघतील? मी डॉक्टरांना सांगितलंय, नवा बसवा, पण वाकडाच.”

“काय म्हणाले?”

“आधी मला वेड्यात काढलं. मग म्हणाले, त्यांचा फोटो आणा.”

“एकदा हसून दाखवता?”

सुजलेल्या गालाने तो हसला. ठणका उठला असणार, पण शिंपीणबाईंना तो त्याच्या चेहऱ्यावर कुठेच दिसला नाही. आजींनी मात्र लाजून कपाळावरचे केस सारखे केले.