बाईंनी विकायला लावलेला शेअर

आदरणीय अध्यक्ष डॉक्टरसाहेब, गेली सव्वीस वर्षं ही माडीवरची खोली आपल्याला कुरकुर न करता वापरू देणारे आपले ग्रंथपाल, ज्यांच्यासाठी आज एवढी गर्दी झाली आहे त्या आपल्या बाई, आणि खाली वर्तमानपत्र अर्धवट टाकून वर आलेल्या सर्व स्नेही मंडळींनो,

बाई परवा मुलाकडे राहायला जातात. डोळे आता बारीक टाइपाला दाद देत नाहीत, म्हणून आपल्या शनिवारच्या गुंतवणूक मंडळातूनही त्या निवृत्त होत आहेत. त्यांच्याबद्दल दोन गोड शब्द बोला, असं मला सांगण्यात आलं आहे. पण क्षमा असावी, माझं बाईंशी एक भांडण आहे. अठरा वर्षांचं जुनं. आपल्यापैकी कुणालाही ते ठाऊक नाही, आणि ते मिटवल्याशिवाय मी बाईंना गाडीत बसू देणार नाही.

नव्या मंडळींसाठी थोडं मागे जातो. तेव्हा कंपन्यांचे वार्षिक अहवाल टपालानं यायचे, खाकी पाकिटातून. या लांब टेबलावर आम्ही आठ जण ते उलगडून बसायचो. किटलीतला चहा थंड होऊन जायचा, कुणाला भान नसायचं. बाई अहवाल शेवटच्या पानापासून वाचत. "अध्यक्षांचं भाषण काय वाचता? मागच्या टिपा वाचा, लाज तिथे लपवलेली असते," असं म्हणत. एकतीस वर्षं गणित शिकवलेली बाई ती! आमचे शिंपीमास्तर तर म्हणायचे, बाईंसमोर ताळेबंदसुद्धा हात पुढे करून उभा राहतो. कुठे गेले हो ते शनिवार? आता सगळं फोनवर दिसतं, आणि चहा गरम असतानाच लोक उठून जातात.

तर आपल्या मंडळाचा एक रिवाज. आपला पोर्टफोलिओ आपण तपासायचा नाही. वर्षातून एकदा आपली फाइल जोडीदाराच्या हाती द्यायची. त्यानं सगळ्यांसमोर ती वाचायची, आणि मालकानं तोंडात मिठाची गुळणी धरून बसायचं. शिवाय एका शेअरबद्दल तपासणाऱ्याचा शब्द अखेरचा. तो 'विका' म्हणाला की सोमवारी विकायचा, वाद नाही. माझ्या फाइलला पहिल्यापासून बाई.

त्या वर्षी माझ्या फाइलमध्ये एक स्क्रू बनवणारी कंपनी होती. हसू नका. तुम्ही बसलेल्या खुर्चीतही तिचे चार असतील. मी त्या कंपनीच्या प्रेमात पडलो होतो. चाळीस पानी टिपण लिहिलं होतं. हार्डवेअरच्या दुकानांत तासन्‌तास उभा राहून गिऱ्हाईक कोणते स्क्रू मागतं ते मोजायचो. दुकानदार मला स्टूल देऊ लागले होते, एकानं तर गल्ल्यावर बसता का म्हणून विचारलं.

बाईंनी ते टिपण सगळं वाचलं. फार वेळ वाचलं. मग फळ्याकडे गेल्या आणि लिहिलं : भाव एकशे ऐंशी, दर शेअरमागे कमाई पंधरा, म्हणजे भाव कमाईच्या एकवीस पट. "फार महाग झाला. विका."

एकशे ऐंशी भागिले पंधरा. मंडळी, किती येतात?

बरोबर, बारा. तुम्हाला आत्ता आलं, मला तेव्हाही आलं. पण मालकानं बोलायचं नाही. आणि बाकीच्यांनी बाईंचा भागाकार तपासायचा, हे कुणाच्या स्वप्नातही नव्हतं. मी बाईंकडे पाहत राहिलो. त्यांनी फळा पुसला आणि पुढची फाइल मागितली.

सोमवारी मी शेअर विकला. आणि डोक्यात राख घालून घरी बसलो. ठरवलं, चूक आपण दाखवायची नाही. बाईंना स्वतःला उमगेल, त्या दारात येतील, मग बघू. बाई आल्या नाहीत. मी चार महिने या जिन्याची पायरी चढलो नाही. तो शेअर पुढे साठपट झाला. दर शुक्रवारी त्याचा भाव मी वहीत उतरवत आलो आहे, का विचाराल तर कधीतरी बाईंपुढे ती वही आपटायची होती म्हणून!

आज आपटणार होतो. त्यासाठीच गेल्या आठवड्यात ती जुनी फाइल काढली. अठरा वर्षांनी माझ्या पोर्टफोलिओची तपासणी प्रथमच मी स्वतः केली. टिपणात आकड्यांशेजारी तारखा होत्या, वेळा होत्या. सकाळी दहा ते संध्याकाळी सात, अमुक दुकान. दुसऱ्या दिवशी तमुक दुकान. रविवारीसुद्धा. सलग अकरा आठवडे.

त्या अकरा आठवड्यांत माझी बायको घरात आतल्या खोलीत अंथरुणावर होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. उशाशी मेहुणी बसायची. मी स्क्रू मोजत होतो. खरं सांगू? मला तिच्याजवळ बसायची भीती वाटायची. अभ्यास हे निमित्त होतं, आणि चांगलं निमित्त असलं की माणसाला कुणी हटकत नाही.

मग बाईंवर रुसून मी घरी बसलो. करायला काहीच उरलं नाही, म्हणून आतल्या खोलीत जाऊ लागलो. पहिल्या दिवशी ती म्हणाली, "अहो, वाट चुकलात का?" आम्ही पत्ते खेळलो. तिनं मला रोज हरवलं, आणि मी मुद्दाम हरत नव्हतो. लग्नाआधी तिला पोहायला शिकायचं होतं, हे मला लग्नाच्या तेविसाव्या वर्षी कळलं. ती गेली तेव्हा तिचा हात माझ्या हातात होता.

गुरुवारी मी बाईंच्या घरी गेलो. सामान बांधणं चाललं होतं. म्हटलं, "बाई, तो भागाकार चुकला होता."

"माहीत आहे," बाई म्हणाल्या. "लिहितानाच माहीत होतं."

"मग दुरुस्त का नाही केलात?"

"बारा लिहिलं असतं तर शेअर स्वस्तच ठरला असता, 'विका' म्हणता आलं नसतं, आणि सोमवारी तुम्ही परत दुकानात उभे राहिला असता. तुमच्या घरी कोण आजारी आहे हे मला ठाऊक होतं. तोंडावर सांगून तुम्ही ऐकलं नसतं, आणि दुसरा काही उपाय मला सुचला नाही." मग दोरीची गाठ मारत म्हणाल्या, "माझं नाव खराब झालं असतं तर झालं असतं. तुम्ही कुणाला बोलला नाहीत, हे मात्र मला अपेक्षित नव्हतं."

अध्यक्ष महाराज, वेळ संपल्याची खूण आपण मघापासून करता आहात, मी पाहिली. आपण सर्वांनी शांतपणे ऐकून घेतलंत, ग्रंथपालांनी पंखा चालू ठेवला, सर्वांचा ऋणी आहे. बोलण्याच्या ओघात कुणाची थट्टा झाली असेल, काही कमीजास्त गेलं असेल, तर पदरात घ्या. आणि बाई, इतकी वर्षं मनात तुमच्यावर जो राग धरला त्याची माफी मागतो. तिचे शेवटचे चार महिने मला मिळाले ते तुमच्यामुळे. घरी गेल्यावर हे तिच्या फोटोलाही सांगणार आहे.