बाजाराकडं तोंड केलेला भोंगा

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष, संस्थेचे सचिव माननीय बाबूरावजी, मुख्याध्यापक रामलिंग सर, ज्यांच्यासाठी आपण सगळे कामधंदा सोडून आलोय त्या सत्कारमूर्ती शारदा मॅडम, व्यासपीठावर खुर्ची मिळालेले आणि न मिळाल्यामुळं पहिल्या रांगेत तोंड पाडून बसलेले मान्यवर, माता-भगिनींनो, गावकरी मंडळी, आणि सकाळपासून सतरंज्या उचलून दमलेल्या माझ्या विद्यार्थी मित्रांनो.

मी हणमंतप्पा, पालक-शिक्षक संघाचा उपाध्यक्ष. आडत दुकान आहे, बोलायची सवय भावापुरतीच. मला थोडक्यात बोला असं सांगितलंय. माझ्या आधीच्या तिघांनाही तसंच सांगितलं होतं.

मॅडमबद्दल सगळे लई गोड बोलले. कुणी दीपस्तंभ म्हणालं, कुणी वटवृक्ष. मॅडमची उंची बघता वटवृक्ष जरा जास्त झालं, पण असो. मी व्यापारी माणूस, माल बघून बोलतो. मॅडमनी या गावाला फार त्रास दिला, आणि तेही कुणीतरी सांगायला पाहिजे.

त्रासाची सुरुवात परिपाठापासून झाली. परिपाठ म्हणजे काय, ते पोरांना ठाऊक आहे, मोठ्यांसाठी सांगतो. सकाळी प्रार्थना, सुविचार, मग एक मूल माइकवर बातम्या वाचतं. आपल्याकडं पेपर एसटीनं येतो, प्रार्थना संपल्यावर. म्हणून पोरं आदल्या दिवशीचा पेपर वाचायची. मॅडम आल्या आणि म्हणाल्या, शिळं कशाला वाचता, गावातली बातमी आणा. स्वतः डोळ्यानं बघितलेली पाहिजे, ज्याची बातमी त्याला विचारलेलं पाहिजे. आणि कुणाला बातमी चुकीची वाटली तर त्यानं दुसऱ्या दिवशी स्वतः येऊन त्याच माइकवर खुलासा करायचा.

आता त्या माइकचा भोंगा. भोंगा मीच पंधरा ऑगस्टला शाळेला भेट दिला होता. लाल रंगात माझं नाव आहे त्याच्यावर. बसवणाऱ्यानं तोंड केलं बाजाराकडं. त्यावरची पहिली बातमी अशी, की हणमंतप्पा यांच्या दुकानापुढं गटार तुंबली असून डुकरांची ये-जा आहे, विचारलं असता त्यांनी ‘बघू’ असं सांगितलं. माझ्याच भोंग्यातून माझ्याच गिऱ्हाइकांनी ऐकलं. दुसऱ्या दिवशी मी भस्म-बिस्म लावून खुलाशाला गेलो. समोर आठवीच्या पोरी एकटक बघत होत्या. काय खुलासा करणार? गटार होतीच की. काढतो म्हणालो आणि परत आलो.

मंडळी, हे हसण्यासारखं होतं, हसा. पुढचं मात्र मी शांतलिंगला विचारून सांगतोय. शांतलिंग म्हणजे आपला टेम्पोवाला, तो मागं दाराशी उभा आहे. काल विचारलं तर म्हणाला, “काका, सांगणार असाल तर सगळं सांगा. अर्धं सांगितलं तर म्या लई वाईट दिसतो.”

त्याची शिवलीला तेव्हा नववीत होती. त्या दिवशी बातम्यांची पाळी दुसऱ्याच मुलीची होती, शिवलीलानं ती मागून घेतली. मी दुकानात पोती मोजून घेत होतो. भोंग्यातून आवाज आला. अगदी रोजच्यासारखा, ना कंप ना काही.

“नववीतील विद्यार्थिनी शिवलीला हिचं लग्न ठरलं असून ते सोमवारी सीमेपलीकडं पाहुण्यांच्या शेतात होणार आहे. विद्यार्थिनीला विचारण्यात आलेलं नाही. बातम्या संपल्या.”

मॅडमनी माइकवरच विचारलं, डोळ्यानं बघितलंस का? व्हय मॅडम, साडी बघितली, म्हणाली. वडिलांना विचारलंस का? विचारलं, त्यांनी उत्तर दिलं न्हाय. मग मॅडमनी सांगितलं, आता सुविचार घ्या. सुविचार झाला, राष्ट्रगीत झालं, पोरं वर्गात गेली. आणि मॅडम पदर खोचून शांतलिंगच्या घराकडं निघाल्या. दुकान माझं वाटेत, मी मागं मागं गेलो. खरं सांगतो, मला भीती वाटत होती.

शांतलिंग टेम्पोपाशीच होता, संतापानं लाल झालेला. गावात माझं नाक कापलं, पोरीला असलं शिकवता का, पुष्कळ बोलला. मॅडमनी सगळं ऐकून घेतलं, त्याच्या आईकडं पाणी मागितलं, प्याल्या. मग म्हणाल्या, “बातमी चुकीची असेल तर उद्या या, खुलासा करा. आमच्याकडं तशी पद्धत आहे.”

तो उंबऱ्यावर बसला. बसला आणि मग खरं काय ते निघालं. बायको जाऊन वर्ष झालेलं. हा सोलापूरला माल टाकून रात्री घरी येणार. म्हातारीला नीट दिसत न्हाय. “पोरीजवळ कोण बसणार, मॅडम?” असं विचारलं त्यानं. आम्ही शेजारी. लग्नाला निघायची तयारी केली होती आम्ही, पण हे कुणी विचारलं नव्हतं.

मॅडम म्हणाल्या, तुम्ही येईपर्यंत शाळेत बसू दे. मी बसते.

दुसऱ्या दिवशी शांतलिंग इस्त्रीचा शर्ट घालून परिपाठाला आला. स्टेअरिंग धरावं तसा दोन्ही हातांनी माइक धरला. म्हणाला, कालची बातमी चुकीची आहे, लग्न न्हाय, पोरगी शिकणार. तेवढ्यात रांगेतून शिवलीला बोलली, “मॅडम, काल बातमी बरोबर होती. आज चुकीची झाली.”

सगळ्यात आधी शांतलिंगच हसला. मग तिथंच रडला. माइक चालू होता, त्यामुळं बाजारानं तेही ऐकलं.

संध्याकाळी शाळेत दोघीच बसायच्या. मग आणखी मुली आल्या, मग घरी जागा नसलेली पोरं आली. पुढं त्याला सायंकालीन अभ्यासिका असं नाव पडलं. तालुक्याहून साहेब आले, नवोपक्रम म्हणून फोटो काढले. प्रेरणा कुठून मिळाली असं विचारलं, तर आमच्या सरांनी राष्ट्रीय शैक्षणिक धोरण असं सांगितलं. सर, रागावू नका, धोरणही चांगलंच असेल.

मॅडम त्या वेळी मुरुमला राहायच्या. शेवटची एसटी अंधाराआधी जाते. म्हणून त्यांनी आपल्या गावातच पत्र्याची खोली केली. कुणाला बोलल्या नाहीत. गावातली एवढी बातमी काही कुणी वाचली नाही, म्हणून आज मी वाचतोय.

शिवलीला धाराशिवला नर्सिंग शिकते. आज तिचं प्रॅक्टिकल आहे, म्हणून आली नाही. मॅडमनीच दटावलं म्हणे, भाषणं ऐकायला परीक्षा बुडवू नकोस.

आता एकच गोष्ट राहिली. पत्रिकेत सगळं छापलंय, स्वागतगीत, चहापान, आभार. सोमवारपासून अभ्यासिकेत कोण बसणार, ते कुठं छापलेलं नाही. संस्थेला विचारलं, पद मंजूर नाही. सरांना विचारलं, बघू म्हणाले. ‘बघू’ म्हणजे काय, ते मला चांगलं कळतं.

काल शांतलिंग दुकानात आला. म्हणाला, “काका, संध्याकाळची खेप म्या बंद केली. अभ्यासिकेत बसतो. मला शिकवता येत न्हाय, पण पोरांचे आई-बाप येईपर्यंत बसता येतं.”

मॅडम, तुम्हाला हे सांगितलं नव्हतं. रडू नका, फोटो बिघडतील.

मला बोलू दिलंत, गावानं ऐकून घेतलंत, उपकार आहेत तुमचे. व्यापाऱ्याची जीभ आहे, कुठं माप कमी-जास्त झालं असेल तर लेकरू समजून पोटात घाला. पत्रिकेवर मॅडमना शाल घालायचा मान माझ्या नावानं छापलाय. छापणाऱ्याची चूक आहे ती. शांतलिंग, बारो, ये वर. अरे, चपला काढत बसू नकोस, ये. शाल द्या त्याच्या हातात.