साडेसाताने गुणायचं

आलात तसे बसा हो डॉक्टर—भांडायलाच आलात ना? अख्ख्या गिरीज गावाला ठाऊक आहे, सावे डॉक्टरांच्या दवाखान्यात पेशंट जातात नि म्हणतात, तुमचं मशीन राहू द्या, लुईझाबायने कालच प्रेशर मोजलंय. आता त्याला मी काय करू? मी कुणाला बोलवायला जाते का? नाही जात. रविवारी चर्चमधली मिस्सा सुटली की आपणच येतात, बाह्या दुमडून पडवीत बसतात—चहा घ्या, साखर कमीच घातलीय, तुम्हीच सगळ्यांची बंद केलीत ना.

हेच ते मशीन. आमच्या कॉन्रॅडने कुवेतहून आणलं. दंडाला पट्टा बांधायचा, फुगा दाबायचा, आकडा आपोआप उमटतो—पण आकडा तिकडचा! पहिल्या दिवशी शेजारच्या जुलियानाला बांधलं तर सोळा. सोळा! बाई रडायलाच लागली, म्हणे फादरांना बोलवा. कॉन्रॅड हसायला लागला—अगं आई, इथे पाऱ्याचे मिलिमीटर मोजतात, हे किलोपास्कल आहेत, साडेसाताने गुण. घ्या—सोळा सत्ते एकशे बारा, वर सोळाचे निम्मे आठ, झाले एकशेवीस. जुलियाना टुणकन उठली नि केळींना पाणी लावायला गेली. तेव्हापासून मी गावाचं गुणतेय. चुकत नाही हं—म्हणजे गुणाकारात चुकत नाही, माणूस बघून थोडं इकडंतिकडं करावं लागतं, ते वेगळं. आता इग्नेशियस—रोज संध्याकाळी पितो, त्याला मी आठाने गुणते. एकदा नवानेही गुणलं, बायको समोर उभी होती म्हणून. आठवडाभर बाटलीला शिवला नाही! तुमच्या गोळीने झालं असतं? नसतं झालं. आणि लग्नघरी सातानेच—पोरगी उद्या वेदीपुढे उभी राहणार, तिच्या आईला आज कशाला घाबरवायचं? असे डोळे नका वटारू, पाप लागेल ते मला लागेल.

माझं? माझं असतं की व्यवस्थित. रोज सकाळी बघते—सव्वीस. काय? नाही, माझं कशाला गुणायचं? मला कुणाला सांगायचंय? विनीला तेवढं. माझी मुलगी हो, बोरिवलीला असते, तिसऱ्या मजल्यावर. तिने बजावलंय—आई, दीडशेच्या वर गेलं की घराला कुलूप, त्याच दिवशी तुला घेऊन जाते. तिथे आहे काय? पाणी सकाळी अर्धा तास, नि खिडकीत उभं राहिलं की समोरच्यांचे वाळत घातलेले कपडे. इथे माझी पानवेल आहे, विहीर आहे, रविवारची माणसं आहेत—मी नसले तर त्यांचं कोण बघणार, तुम्ही? मग विनी विचारते तेव्हा मी सांगते, दीडशेच्या पुष्कळ खाली आहे. खोटं का ते? सव्वीस खालीच की! कुमसाराला, पापं कबूल करायला बसले तरी फादरांना हेच सांगेन. सकाळी डोकं ठणकतं, ते उन्हाचं. डोळ्यांपुढे काजवे चमकतात, ते वयाचं. परवा विहिरीच्या काठाला धरून बसावं लागलं थोडं—पण ते कुणी पाहिलं नाही.

हे काय? पट्टा माझ्या दंडाला कशाला? अहो, मी काय पेशंट आहे? सोडा—बरं, बघा, एकदाचं बघूनच घ्या, म्हणजे गावात सांगता येईल. सावकाश दाबा फुगा. आला? सत्तावीस? कालपर्यंत सव्वीस होता, तुम्ही घट्ट बांधलात—डॉक्टर, खिशातून पेन कशाला काढताय? विनीचा पत्ता मी देणार नाही. आणि ओठ का हलतायत तुमचे? नका. अहो, गावाचं सगळं गुणा, हवं तर मशीन घेऊन जा—माझं नका गुणू.