तुळईवरची धूळ

तेजश्री: बसा, हुसेनभाई. उभ्याने ऐकण्यासारखं नाही हे.

हुसेन: बसतो, पण दहाच मिनटं हां, मॅडम. अकराला तिसऱ्या मजल्यावर वेल्डिंग आहे. गहू वर चढवणाऱ्या एलेव्हेटरची पत्र्याची पेटी फुटलीय, गहू सांडतोय. फोरमन खाली गप्पा मारतोय म्हणतील.

तेजश्री: वेल्डिंगबद्दलच बोलायचंय. हा लॅबकडून आलेला धुळीचा रिपोर्ट.

हुसेन: तो तर पास झाला ना? त्या खुशीत तुम्ही गुरुवारी अख्ख्या गिरणीला हलवा वाटलात. केशरवाला.

तेजश्री: वाटला. शेवटची ओळ वाचली, 'ठिणगी देऊनही पेट घेतला नाही', आणि पर्स उचलून हलव्याच्या दुकानात गेले. वरची तीन पानं आज वाचली. मी घरी बिस्किटाच्या पुड्यावरची बारीक अक्षरं मोबाइलने मोठी करून वाचते, हुसेनभाई. खोकल्याच्या औषधातला कागद उलगडून वाचते, घडीच्या आतलासुद्धा. आणि ज्या कागदाच्या भरवशावर बारा माणसं वर काम करतात, त्याची एक ओळ.

हुसेन: पण त्या एका ओळीतच सगळं आलं की.

तेजश्री: नाही आलं. ऐका. 'नमुन्याचा रंग पिवळसर पांढरा. दाणेदार, बोटाला जाड लागतो. कचरा नाही, कोळिष्टक नाही.' सात महिने तुळईवर साचलेली धूळ, आणि एवढी देखणी? माझ्या वादी अदाईच्या फ्लॅटमध्ये मी दिवसातून दोनदा पुसते, तिथेही एवढी देखणी निघत नाही.

हुसेन: लॅबवाल्यांनी चाळली असेल.

तेजश्री: 'आला तसाच तपासला' असंही लिहिलंय. नमुना घ्यायच्या दिवशी तुम्ही वर चढलात ना?

हुसेन: चढलो. अल्लाची कसम, चढलो.

तेजश्री: मग?

हुसेन: तुम्ही रागावणार.

तेजश्री: मला रागवायचा हक्क राहिलेला नाही. नमुना मी घ्यायचा होता. शाळेतून फोन आला, आर्यनचं अंग गरम आहे म्हणून, आणि बाटली तुमच्या हातात देऊन मी निघाले. खरं सांगायचं तर फोन वाजला तेव्हा मला बरंच वाटलं. त्या शिडीकडे नुसतं खालून बघितलं तरी माझे पाय गार पडतात. आणि तरी फॉर्मवर लिहिलं, 'नमुना मी स्वतः घेतला'. बोला आता.

हुसेन: बगा, मी वर गेलो. तुळईवर बोट फिरवलं. काळपट धूळ, जाळी, मधे एक कबुतराचं पीस. म्हटलं, ही बाटली मस्कतच्या मोठ्या लॅबमध्ये जाणार, वर आपल्या गिरणीचं नाव. उघडणारा काय म्हणेल, यांच्याकडे झाडू नाय? माझी आई शेजारी डबा द्यायची तर डब्याचं बूडसुद्धा पुसून द्यायची. मग खाली आलो आणि एक नंबर रव्याची नवी गोण उघडली.

तेजश्री: शिऱ्याचा रवा.

हुसेन: शिऱ्याचाच. जाडा. डोळ्यात भरेल असा.

तेजश्री: त्यावर तुम्ही चिठ्ठी लावलीत, 'तिसरा मजला, तुळई'.

हुसेन: अक्षर चांगलं यावं म्हणून दोनदा लिहिली. तुम्ही हसताय, मॅडम?

तेजश्री: तुम्हाला नाही. आर्यनला परत ताप आलाय, काल मी त्याला डॉक्टरकडे नेलं. नेण्याआधी तापाचं औषध पाजलं, अंग पुसलं, इस्त्रीचा शर्ट घातला. पोर आजारी दिसायला नको, आईने लक्ष दिलं नाही असं वाटायला नको. तिथे ताप अठ्ठ्याण्णव. डॉक्टर म्हणाले, मुलगा ठणठणीत आहे, तुम्ही जरा झोप घेत चला. घरी आलो आणि पुन्हा एकशे दोन. मीही रवाच नेला होता दाखवायला.

हुसेन: आता कसा आहे पोरगा?

तेजश्री: किशोरीकडे ठेवलाय, शेजारी. आज औषध न देता न्यायचाय. ते संध्याकाळी. आधी हे. वेल्डिंग थांबवा.

हुसेन: थांबवा म्हंजे? अर्बाबला, आपल्या मालकाला, काय सांगू? रुस्ताकची ऑर्डर उद्या जायचीय. तुम्हीच वेल्डिंगचं परमिट दिलंत. आणि मी अठरा वर्षं बगतोय, इथे कायम वेल्डिंग झालंय. पीठ ते पीठ. पीठ काय पेट्रोल आहे?

तेजश्री: घरी भाकऱ्या कोण करतं?

हुसेन: इथे मीच. तांदळाच्या.

तेजश्री: परातीतलं सुकं पीठ गॅसजवळ झटकता, तेव्हा आचेत काय होतं?

हुसेन: चटचट ठिणग्या उडतात. भुर्रकन जातं.

तेजश्री: ते चिमूटभर. गोळा करून ठेवलेलं पीठ जळतं तर नुसतं काळं पडतं. पण तेच बारीक, सुकं पीठ बंद खोलीच्या हवेत उधळलेलं असलं आणि ठिणगी मिळाली, तर एकदम पेटतं. मग धक्क्याने बाकीच्या तुळयांवरचं खाली येतं आणि तेही पेटतं. भिंत उभी राहत नाही. रवा जाडा, जड, तो तसा उधळत नाही. म्हणून लॅबमध्ये पास झाला. त्याच्यावर हलवा वाटायला माझ्यासारखीच हवी.

हुसेन: पण वर तर यासिर आहे.

तेजश्री: कोण यासिर?

हुसेन: आपला वेल्डर. माझा जावय. गेल्या वर्षी माझी लेक नसीबा दिली त्याला. मॅडम, तो 'धुळीत काम नको' म्हणत होता. मीच म्हटलं, रिपोर्ट पास आहे, चढ.

तेजश्री: तुम्हीच रवा भरलात.

हुसेन: भरला मी. पण रिपोर्ट इंग्लिशमध्ये आला, शिक्का होता. मला वाटलं, त्यांनी कायतरी बगितलं असेल.

तेजश्री: फोन लावा त्याला.

(फोन स्पीकरवर. मागे हवेच्या नळीचा फुसफुसाट.)

यासिर: सलाम मामू. जोरात बोला, हवा मारतोय.

हुसेन: कसली हवा?

यासिर: तुळयांवर. परमिटवर लिहिलंय ना, वेल्डिंगच्या आधी साफ करा. अर्ध्या झाल्या. इथे असलं धुकं झालंय, समोरची भिंत दिसत नाय.

तेजश्री: यासिर, मी तेजश्री बोलतेय. नळीचा कॉक बंद कर. हळू. केला?

यासिर: केला, मॅडम.

तेजश्री: आता कशालाच हात लावू नको. दिव्याचं बटण नाही, वेल्डिंगचं मशीन नाही, पंखा नाही.

यासिर: मशीन लावून ठेवलंय, टाका मारायचाच बाकी आहे. बंद करून येऊ?

तेजश्री: नाही. बटणाचीही ठिणगी पडते, तसंच सोड. विजेची लाइन मी खालून तोडायला लावते. फोन खिशात टाक आणि जिन्याने खाली ये. वरचे बाकीचेही.

यासिर: पण रिपोर्ट पास आहे ना, मामू? तुम्ही नसीबालापण सांगितलंत.

हुसेन: तो रव्याचा होता.

यासिर: कशाचा?

हुसेन: यल्ला, खाली ये रे बाबा. खाली ये, मग हवं तेवढं विचार.

तेजश्री: परमिटवर मी 'साफ करा' लिहिलं. कशाने, ते लिहिलं नाही. आर्यनच्या डब्यावर चिठ्ठी असते, आधी काकडी, मग पराठा, मग पाणी. चला, पॅनेलकडे चला.

हुसेन: चला.

(तासाभराने.)

तेजश्री: आले सगळे?

हुसेन: बारा. गेटच्या बाहेर, बाभळीखाली. यासिर पांढराफटक झालाय, बगवत नाय. म्हणतो, मामू, ईदला शिरा नको. अर्बाबशी बोललात?

तेजश्री: बोलले. म्हटलं, गिरणी बंद केलीय, नवीन रिपोर्ट येईपर्यंत वर आग नाही, ठिणगी नाही. आधी मोठ्या व्हॅक्यूमने धूळ ओढायची, मग ओल्या फडक्याने पुसायचं, हवा पुन्हा कधीच मारायची नाही.

हुसेन: ओरडले?

तेजश्री: नाही. हळू आवाजात विचारलं, तुम्ही आधी सही करता आणि मग वाचता का? म्हटलं, या वेळी तसंच झालं. मग म्हणाले, तुमचा व्हिसा पुढच्या महिन्यात रिन्यू व्हायचाय, तेव्हा बोलू.

हुसेन: आणि माझं नाव?

तेजश्री: रव्याचं सांगावं लागलं. कोणी भरला ते त्यांनी विचारलं. मी म्हटलं, फॉर्मवर माझी सही आहे.

हुसेन: मी जाऊन सांगतो त्यांना.

तेजश्री: सांगा. पण दुपारी. आता वरची धूळ बसली असेल. शिडी कुठून धरायची ते सांगा.

हुसेन: तुम्ही चढणार? पाय गार पडतात ना?

तेजश्री: पडलेत. तुम्ही मागून या आणि बोलत राहा. कशाबद्दलही बोला, फक्त उंचीबद्दल नको.

हुसेन: काय बोलू? नसीबाचा फोन आला होता. यासिर जेवला का विचारत होती. म्हटलं, जेवेल. डावा पाय वर. हां. आता धरा. मागची तुळई राहिलीय, तिथे त्याने हवा मारली नाय.

तेजश्री: पोचले. बाटली द्या. ब्रशने हळूच लोटायची, उडवायची नाही. बापरे, बोटभर थर आहे.

हुसेन: थांबा, मॅडम, ते पीस तरी काढतो. आणि जाळी. बरी दिसेल.

तेजश्री: राहू दे. आहे तशी भरू. चिठ्ठीवर लिहा, तेजश्रीने घेतला, हुसेनने बघितलं.

हुसेन: लिहितो. पण एवढी घाण परक्यांना दाखवायची म्हंजे शरम वाटते हो.

तेजश्री: मलाही. झाकण घट्ट लावा.