विमानाचा श्वास

टोकावड्याच्या स्टॉपवर नवरा-बायको मुरबाडच्या एसटीची वाट बघत होते. नवऱ्याच्या मांडीवर जुना रबरी पाइप होता.

"माझ्या भावाला पोरगी बघाया चाललोय ना आपन? मंग ह्यो पायप कशाला?"

"माझ्या विमानाचा हाय, रंजिता. घासून चिरलाय. याच मापाचा नवा घेनार. यातनं इंजिन श्वास सोडतं. पन याचं भोक कुनी बुजवलं गो?"

"मीच. फाटका दिसला, पंक्चरचं ठिगळ मारलं."

"अगो, मुद्दाम पाडलेलं! वर थंडीत पायपाचं तोंड गोठलं, तर भोकातनं श्वास सोडाया."

"वर? अवो, तुमी घरी बनवलेलं विमान खळ्यातनं हाललंय का कदी?"

"उडंल तवा तयारी नको?"

"आन् नवा बी घासला तर?"

"त्याला गुंडाळाया जाड कापड घेतलंय. ह्ये बघ, जीनच्या पँटीचा पाय."

"कुनाची पँट?"

"दोरीवर वाळत होती."

"अगो बाई, कान्हाची! आज पोरगी बघाया तीच घालनार होता! म्हनून आजून येत नाय तो!"

"एकच पाय कापलाय गो. दुसरा तसाच हाय."