आधी नाव विचारायचं

नीलमला मी का मानतो, ते सांगतो. अग्निशमन दलात मी नव्या पोरांना दोराचं काम शिकवतो. त्यात ही फलटणची पोरगी. जेवणाच्या सुट्टीत मोबाईलवर एक जपानी चित्रकथा वाचायची. त्यात तिच्याच वयाची पोरं आगीतून, पुरातून माणसं काढायला शिकतात. मी म्हणायचो, "चित्रं बघून दोर बांधता येत न्हाई, पोरी."

एक दिवस माधवनगरजवळ एक म्हातारे शेतकरी विहिरीत पडले. मोटारीच्या पाइपला मिठी मारलेली, ती काही केल्या सोडेनात. नीलम दोरानं खाली उतरली. मी वरून ओरडतोय, "पट्टा बांध आधी." आणि ही त्यांना विचारतेय, "आबा, नाव काय वो तुमचं? ऊस गेला का कारखान्याला?" उसाचं बोलता बोलता आबांचा एक हात सुटला, मग दुसरा. तिनं पट्टा बांधला आणि आम्ही दोघांना वर ओढलं.

नंतर मी विचारलं, "हे त्या चित्रकथेत हाय व्हय?"

"व्हय सर. तिथला पोरगा अडकलेल्या माणसाला आधी नाव विचारतो."

"म्हणजे त्या माणसाची भीती जावी म्हणून."

"त्याची न्हाई, सर. उतरणाऱ्याची. माझे हात लय थरथरत हुते."