सुरमई हवी, वास नको

आमच्या सौदीतल्या यान्बूच्या प्लांटवर पिअर म्हणून एक फ्रेंच इंजिनिअर आहे. चहाला बसला की हा आपल्या राष्ट्राध्यक्षाला शिव्या घालणार. परवा मी विचारलंच, "अरे, तुम्हाला हवा तरी कसा?"

"राजासारखा! रुबाबदार!"

"मग आत्ताचा?"

"स्वतःला राजा समजतो!"

"आणि साधा आला तर?"

"साधा तर माझा शेजारीही आहे!"

आमच्या कॅम्पची मेस सांभाळणारे रत्नागिरीचे रफीकभाई हसले. "मलाही या पोरांनी हात वर करून निवडलं. यांना रोज तळलेली सुरमई हवी, पण खोलीत वास नको."

पिअरने त्यांना मिठीच मारली. "कसले लोक आहेत हे!"

रफीकभाई त्याला तसेच जेवायला घेऊन गेले. सुरमईच्या तीन तुकड्या संपवून बोटं चाटत पिअर म्हणाला, "जरा खिडकी उघडा, फार वास येतोय."